घुमट पेलणारा हात

तुर्की सुलतानांच्या अमदानीत अक्सूर नावाच्या गावी हमदीबाबा नावाचे अवलिया राहत. गावात भली मोठी मशीद उभी राहत होती. मधोमध विशाल घुमट, चार मिनार, भोवती मदरसा, दवाखाना आणि गोरगरिबांसाठी लंगर, म्हणजे फुकट जेवणाचे अन्नछत्र. लंगर आधीच सुरू झाले होते आणि तिथे बाबा रोज आपल्या हाताने शोरबा वाढीत.

बांधकामावर चुना मळायला इद्रिस होता. बाबांचे नाव घेतल्याशिवाय तो फावड्याला हात लावीत नसे. मुख्य गवंडी फरहाद उस्ताद त्याला सदा हसायचा. "बाबांच्या नावाने चुना घट्ट होतो होय रे?"

घुमटाचा शेवटचा थर बसला. चुना वाळेपर्यंत चाळीस दिवस खालचे लाकडी टेकू काढायचे नाहीत, अशी रीत. पण शुक्रवारी सुलतानाचा सुभेदार, पाशा, मशीद पाहायला येणार, म्हणून फरहादला घाई सुटलेली! इद्रिसने वर चढून सांध्यात खिळा खुपसला, तो ओलाच निघाला.

"उस्ताद, चुना कच्चा आहे हो! हात जोडतो, थांबा."

"तू मला शिकवणार?" फरहाद कडाडला. "टेकू निघताना चुनेवाल्याने घुमटाखाली उभे राहायचे, ही आपली चाल. राहा उभा! बोलाव तुझ्या बाबांना!"

इद्रिसने फावडे बाजूला ठेवले. "बाबा, सांभाळा" म्हणत बिचारा मधोमध जाऊन उभा राहिला.

एक टेकू निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्यावर घण बसला मात्र, घुमट कर्रर्र वाजला! विटांचा भुगा पडू लागला. मजूर जीव मुठीत घेऊन पळाले. फरहादही पळाला, पण सुटलेला टेकू त्याच्या पायावर आडवा पडला. इद्रिसला दार मोकळे होते हो! पण तो मागे फिरला, त्या लाकडाला खांदा लावला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "बाबा!"

आणि काय सांगावे! खचणारा घुमट जागच्या जागी थबकला. एक कण खाली पडेना. मजूर धावत परत आले, त्यांनी फरहादला ओढून बाहेर काढले आणि टेकू पुन्हा ठोकून बसवले.

इद्रिस लंगराकडे धावला. पाहतो तो काय, बाबा डाव्या हाताने शोरबा वाढताहेत आणि उजवा हात वर, तळवा आभाळाकडे! अंग घामाने निथळत होते.

"बसले का रे टेकू नीट?" बाबा म्हणाले. "मग हात खाली करू?"

हात खाली आला. तळव्यावर विटांचे वळ उठले होते.

फरहाद लंगडत आला आणि त्यांच्या पायांवर कोसळला. बाबांनी त्याला उठवले. "माझ्या नको, बाळ. तुझ्यासाठी जो मागे फिरला, त्याच्या पाया पड."

फरहादने चुन्याने माखलेल्या त्या पायांवर डोके टेकले. "इद्रिस उस्ताद," तो रडत म्हणाला, "टेकू कधी काढायचे, ते आता तुम्ही सांगा."