आत्याबाईंना दिलेला आराम

“मग अजून काय कमी पडलं, बाबा?”

वैजयंतानं विचारलं खरं, पण तिच्या आवाजात विचारणं कमी आणि ऐकवणं जास्त होतं.

वाडीच्या शिवेवर, चिंचेखाली, लतीफशा फकिराचा तकिया, म्हणजे राहायचं ठिकाण, होता. फकीर पार थकलेला, डोळ्यांनी अधू. वाडीतलं माणूस कुठल्याही देवाचं असो, जीव टांगणीला लागला की त्याच्यापुढं येऊन बसायचं. वैजयंताही तशीच आली होती. मांडीवर तिचं नुकतं बसायला लागलेलं पोरगं.

ती महिला मंडळाची अध्यक्ष. केलेलं सगळं तिनं बाबांना सांगितलं. वाडीतल्या म्हाताऱ्या बायांसाठी मंडळानं देवळामागं निवारा बांधला होता. पायरी चढायला लागू नये म्हणून दारात उतरण केली. भिंतीला धरायला लोखंडी दांडा, खुर्चीसारखा बसायचा संडास, वाकायला नको अशा उंचीवर नळ, पंखा, टीव्ही. तालुक्याहून साहेब आले, फोटो काढून गेले. शेजारच्या गावानंही असंच बांधायचं मनावर घेतलं.

“आणि कामाचं म्हणाल तर मी नेमच करून टाकला,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाला कुणी काम सांगायचं नाही. डाळ निवडायला द्यायची नाही, पोर सांभाळायला द्यायचं नाही. जन्मभर राबल्या, आता नुसतं बसायचं.”

“बसल्या?”

“बसल्या की.”

“हं...”

बसल्या होत्या, हे काही खोटं नव्हतं. सुरुवातीला गप्पा झाल्या, हसणं-खिदळणं झालं. मग हळूहळू निवारा गप्प होत गेला. टीव्ही आपला चालायचा आणि बाया दाराकडं बघत बसायच्या. तोंडानं तिखट असलेली पारूबाई एकदा म्हणाली, “देवासारखं बसवलंस गं आम्हाला. पण देवाकडं निदान कुणी काहीतरी मागतं तरी.” बाया हसल्या. वैजयंताही हसली, पण ते बोलणं तिला दिवसभर कुसळासारखं टोचत राहिलं.

आणि आता आत्याबाईंनी अन्न सोडलं होतं.

आत्याबाई म्हणजे तिची सासू, कोंडाबाई. घरी भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. वैजयंता चमच्यानं पेज घालायची, ती ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर यायची. डॉक्टर म्हणाले, रोग काही दिसत नाही. नवरा तिच्याशी धड बोलत नव्हता. बोलला तो एवढंच, की आई गेली की तुझ्या त्या निवाऱ्याला तिचं नाव देऊन टाक.

“माझ्या डोळ्यांदेखत त्या चालल्यात, बाबा,” ती म्हणाली. आता आवाजातला तोरा गेला होता. “मला बाकी काही नको. त्या जेवतील कशा, तेवढं सांगा.”



फकिरानं दोन्ही हात पुढं केले.

“दे पोराला.”

हात थरथरत होते. शिरा वर आलेल्या, बोटं वाकडी झालेली.

वैजयंतानं पोराला छातीशी ओढलं. तिनं ठरवून केलं नाही. होऊन गेलं.

फकिराचे हात तसेच राहिले. हवेत. रिकामे.

“तसं नाही, बाबा... त्याला झोप आलीय.”

पोरगं टक्क जागं होतं.

हात तसेच...

वैजयंताची मान खाली गेली. मग तिनं सांगितलं ते मंडळाला कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

वाडीत तान्ह्या लेकरांना आत्याबाईच न्हाऊ घालायच्या. न्हाणीत पाय पसरून बसायच्या, नडगीवर लेकरू पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, मग कढत पाणी. ज्याच्या-त्याच्या घरून सकाळी बोलावणं यायचं. वैजयंताचा नवराही त्याच पायांवर न्हाला होता. हे पोरगं झालं तेव्हाही त्याच बसल्या. एक दिवस त्यांचा हात कापला. पाणी पोराच्या नाकात गेलं आणि ते ठसकलं. ठसकलं तेवढंच, लगेच रडायलाही लागलं. पण वैजयंतानं धावत जाऊन ओलंचिंब पोर ओढून घेतलं. एक शब्द बोलली नाही. पुढच्या बैठकीत तिनं तो नेम मांडला, म्हाताऱ्या माणसांना आराम द्यायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर वाडीतलं कुठलंच लेकरू कुठल्या म्हातारीच्या पायांवर गेलं नाही. सगळ्या घरांत प्लॅस्टिकचे टब आले.

“आणि कोंडाबाई?” फकिरानं विचारलं. “तेव्हा काय म्हणाली?”

“काहीच नाही...” ती म्हणाली. “तशाच बसून राहिल्या. पाणी वाहून गेलं, तरी हात असेच.”

फकिरानं आता आपले हात खाली घेतले. गुडघ्यांवर ठेवले.

वैजयंतानं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, नेम आजच मोडते. घरोघर जाऊन सांगते, पारूबाईंना बोलवा, बाकीच्यांनाही बोलवा, काही विचारा, काही मागा. पोर द्यायची भीती वाटली तर शेजारी बसा, पण द्या. बोलता बोलता ती मधेच थांबली.

“पण आत्याबाईंचं काय करू, बाबा? त्यांच्यासाठी उशीर झाला. काल कुशीवर वळवायला धरलं, तर हात लाकडासारखा खाली पडला. याला त्यांच्यापुढं धरलं, तरी त्या घेणार कशा? त्यांचे हात आता उठत नाहीत.”



तेवढ्यात पोरगं पुढं वाकलं आणि त्यानं फकिराची दाढी मुठीत धरली. या खेपेला वैजयंतानं त्याला ओढलं नाही.

फकिरानं दाढी सोडवली नाही. तसाच वाकून म्हणाला,

“तिच्या कुशीत ठेव. याचे हात उठतात.”