माळावरची माकडं

“…मग काय पारोशानं देवाला हात लावू? तुम्हीच सांगा, महाराज!”

केवलपुरी तावातावानं बोलत होता. घाटातल्या मठात वाढलेला गडी. मठाच्या पायरीलाच नदी. दिवसातून तीनदा डोक्यावरून अंघोळ, हा त्याचा नेम. मोठ्या बुवांनी त्याला माळावरचा मठ सांभाळायला धाडला, तर हा तांब्याचं घंगाळ डोक्यावर घेऊन आला. म्हणजे बघा.

आणि सकाळी उठून रांजणातलं सगळं पाणी त्यानं घंगाळात ओतलं, अन् घंगाळ स्वतःवर.

तेवढ्यात वाडीची ठकूबाई हंडा घेऊन आली. पार कोसभरावरच्या विहिरीचं पाणी. ती रांजणात डोकावली.

“आरं देवा! काल सांजच्याला भरला हुता की! ह्या नव्या म्हाराजांनी डोस्क्यात जवारी पेरलीया का काय?”

केवलपुरीचे कान लाल झाले. मान मात्र ताठच.

“मी परत जातो. इथं माझा नेम मोडतो.”

माळावरचा मठ इतकी वर्षं सांभाळणारा म्हातारा भैरवपुरी आता थकला होता. डोळ्यांना कमी दिसायचं. केवलपुरी गेला की देवळात दिवा लावायला कुणी नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक. तरी म्हातारा ‘थांब’ म्हणाला नाही. उठला, घंगाळ पालथं घातलं आणि त्यावर बसला.

“बसायला बरं आहे,” म्हणाला. “घाटात माकडं आहेत का रे?”

“आहेत की. लाल तोंडाची, लहानगी. उंबराच्या शेंड्यावरून खाली म्हणून उतरत नाहीत. पानावरचं पाणी पितात. तुमच्याकडची पण बघितली येताना. जमिनीवर चालतात, बाभळीचा डिंक चाटतात, धोंडे उलथून किडे खातात. भ्रष्ट जात!”

“जात तीच. तिकडं जंगल तुटलं, तेव्हा कळप तुझ्याच वाटेनं इकडं आला.”

“मग इथं येऊन बिघडली.”

“असेल…”

म्हाताऱ्यानं हातानं खालच्या ओढ्याकडं खूण केली.

“पहाटे ओढ्यात जाऊन बस. मग खुशाल जा. तुझं घंगाळ घेऊन जा.”

पहाटे केवलपुरी ओढ्यात जाऊन बसला. वळकटी बांधून, काखेत मारूनच. ओढा कसला, नुसती वाळू.

माकडं आली. एक म्हातारी माकडीण वाळू उकरू लागली. हात पार खांद्यापर्यंत आत गेला. मग तिनं हात काढला आणि खड्ड्याच्या कडेला बसून राहिली. सगळा कळप तिच्यामागं बसून राहिला. पिलंसुद्धा.

घाटात ही जात क्षणभर गप्प बसत नाही. केवलपुरी हे लहानपणापासून बघत आला होता.

खड्ड्यात ओल आली… मग ओंजळभर पाणी.

माकडीण थोडं प्यायली, सरकली. दुसरी आली. पुन्हा पाणी झिरपायची वाट. कुणी कुणाला ओरबाडलं नाही. उन्हं चढली तशी सगळी कपारीच्या सावलीला गेली.

खड्डा हळूहळू पुन्हा भरला. आता तिथं केवलपुरी एकटाच होता, आणि ते पाणी.

पुष्कळ वेळ तो तसाच बसला. मग एक बोट बुडवलं. डोळ्यांना लावलं. उठला.

मठात आला तेव्हा ठकूबाई रांजणात हंडा रिकामा करत होती. त्यानं वळकटी सोडली, खुंटीला टांगली. कोनाड्यातला कापूस घेतला आणि दिव्यासाठी वात वळायला बसला.

म्हातारा घंगाळावरच होता.

“अंघोळ झाली?”

“झाली, महाराज.”

ठकूबाईनं त्याच्या केसांकडं पाहिलं. धूळच धूळ. तिला हसू आवरेना, तिनं तोंडाला पदर लावला.

भैरवपुरीनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि केवलपुरीपुढं धरलं.

“डोकं पूस. सर्दी होईल.”