चैतूच्या रायफलीचा आवाज

"मंग चूक माझ्या हाताची हाये, असं म्हनता का तुमी?"

चैतू उसेंडीनं हे विचारलं तेव्हा त्याची रायफल उस्तादांच्या मांडीवर आडवी पडली होती. दोघं सरावाच्या मैदानामागं मोहाच्या झाडाखाली बसले होते. दुपार कलत आली होती.

उस्ताद पुंडलिक गेडाम तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होते. पोलिसात हत्यार शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि जंगलातल्या या ठाण्यावरचा प्रत्येक जवान कधी ना कधी गेडामांच्या शिव्या खाऊनच नेम धरायला शिकलेला होता.

"मी तं काईच म्हनलो नाही," उस्ताद म्हणाले.

"मनात म्हनलं असान."

उस्तादांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

चैतूला आपल्या नेमाचा गर्व होता, आणि तो फुकटचा नव्हता. ठाण्यात त्याच्या तोडीचा नेमबाज दुसरा कुणी नव्हता. पण महिनाभर त्याची रायफल अडकत होती, आणि आता लोक त्याच्या पाठीमागं कुजबुजायला लागले होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं स्वयंपाकी सगळ्यांसमोर म्हणाला, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

ही रायफल एकदा चालू झाली की पुढची काडतुसं स्वतःच चढवते. फक्त पहिलं काडतूस हातानं चढवावं लागतं. डावीकडचं हँडल मागं ओढायचं की आतला बोल्ट मागं येतो. हँडल सोडलं की तो स्प्रिंगच्या जोरानं पुढं जातो आणि मॅगझीनमधलं काडतूस ढकलत नेऊन नळीत बसवतो. एवढंच काम.

चैतूच्या रायफलीत एवढंच होत नव्हतं. बोल्ट पुढं जाता जाता थांबायचा. घोडा दाबला तर काही नाही. घाबरून पुन्हा हँडल ओढलं की मागून दुसरं काडतूस यायचं आणि पहिल्यावर चढून बसायचं, आणि मग सगळंच ठप्प.

त्यानं करायचं ते सगळं केलं होतं. मॅगझीन बदललं, मग त्याची स्प्रिंग बदलली. मॅगझीनची तोंडं वाकलीत का ते बोटानं चाचपलं. नळीतून चिंधी ओढून ओढून ती पांढरीच्या पांढरी बाहेर येईपर्यंत साफ केली. तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. शेवटी नवीन रायफल द्या म्हणून साहेबांकडं गेला, तेव्हा साहेबांनी त्याला उस्तादांकडं पाठवलं.

उस्तादांनी सकाळी तीच रायफल, तेच मॅगझीन घेऊन स्वतः गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. मग सोमा मडावी या जवानाला झाडायला लावल्या. त्याच्याही सुरळीत गेल्या. मग चैतूच्या हातात दिली.

अडकली.

म्हणून हा प्रश्न.

आणि प्रश्नाला उद्याची सवड नव्हती. संध्याकाळी जवानांची पार्टी गस्तीसाठी जंगलात निघायची होती. सगळ्यात पुढं सोमा, त्याच्यामागं चैतू. वाट अरुंद असते, पुढच्याचा जीव मागच्याच्या रायफलीवर असतो. हे चैतूला ठाऊक होतं, आणि सोमाला तर त्याहून जास्त. सकाळी चहा घेऊन सोमा दुसऱ्या बाकावर जाऊन बसला, आणि ते चैतूला फार लागलं.

उस्तादांनी खिशातून सरावाची, बिनबारुदाची काडतुसं काढली. मॅगझीनमध्ये भरली आणि रायफल चैतूकडं सरकवली.

"चढव."

चैतूनं रायफल उचलली. हँडल मागं ओढलं. मग ते सोडलं नाही, हातात धरूनच पुढं आणलं. लेकरू झोपलेल्या खोलीचं दार लोटावं तसं, अलगद.

बोल्ट बोटभर अलीकडं थांबला.

"पायलं?" चैतू म्हणाला. "आता सांगा."

उस्तादांनी अडकलेलं काडतूस काढून टाकलं आणि रायफल परत दिली.

"आनखी एकदा."

चैतूनं हँडल मागं ओढलं. हात पुढं यायला लागणार, तेवढ्यात उस्तादांनी त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली. हँडल सुटलं.

खटाक.

काडतूस नळीत जाऊन बसलं होतं. पण चैतूचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याची मान खाली गेली होती, खांदे वर आले होते, आणि डोळे मैदानापलीकडच्या झुडपांकडं लागले होते. तिथं एक शेळी पाला खात होती.

उस्तादांनी त्या झुडपांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"नाल्यावर काय झालं होतं?"

चैतूची नजर शेळीवरून हलेना.

"चैतू."

मग चैतूनं सांगितलं. तोंड वळवून सांगितलं. महिन्यापूर्वी नियम असा होता की मॅगझीन लावून चालायचं, पण चाहूल लागल्याशिवाय काडतूस नळीत चढवायचं नाही. नाल्याच्या पलीकडं काटकी मोडली. पुढं बिरजू कुळमेथे होता, मागं चैतू. चैतूनं हँडल ओढलं आणि सोडलं, शिकवलं होतं तसंच. कोरड्या नाल्यात तो आवाज केवढा तरी मोठा झाला. लगेच समोरून नक्षल्यांच्या गोळ्या आल्या. बिरजू उठलाच नाही.

त्यानंतर साहेबांनी नियम बदलला. आता काडतूस ठाण्याच्या फाटकावरच चढवायचं, सेफ्टी लावायची आणि मगच बाहेर पडायचं. नियम बदलला, पण चैतूचा हात नाल्यावरच राहिला होता.

"माहा आवाज आयकूनच त्यायनं गोळ्या मारल्या," चैतू म्हणाला. "तुमी सांगा उस्ताद. हाव का नाही?"

उस्तादांनी त्याच्या हातातून रायफल घेतली आणि आतली काडतुसं काढायला लागले.

"हाव म्हना, नाही तं नाही म्हना. पन काईतरी बोला."

"तो आवाज झाल्यावर बिरजूनं मागं पायलं का?" उस्तादांनी विचारलं.

चैतूनं तोंड इकडं वळवलं. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, बिरजूच्या बापानंही नाही.

"नाही."

"मंग काय केलं?"

"पुढं पाऊल टाकलं."

उस्तादांनी खर्रा थुंकला. रायफल पुसली, काडतुसं खिशात टाकली आणि उठून उभे राहिले. गुडघ्यांनी कुरकुर केली, तशी त्यांनी गुडघ्यांनाच एक शिवी दिली.

"रायफल चांगली हाये. तेल थोडं कमी लाव."

"मले आज नेऊ नोका, उस्ताद. साहेबाले तुमीच सांगा. मले भेव लागते."

"लागू दे," उस्ताद म्हणाले, आणि चालायला लागले.

चैतूला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण आता रायफलीला नावं ठेवायचीही सोय राहिली नव्हती.

सूर्य टेकडीवर आला तेव्हा पार्टी फाटकाशी उभी राहिली. ओळीच्या बाजूनं वाळूची पोती रचली होती. नळी त्या पोत्यांकडं धरायची आणि ओळीनं, एकापाठोपाठ एक, काडतूस चढवायचं. शेवटच्या माणसापासून सुरुवात व्हायची. मागच्याचा आवाज झाला की पुढच्यानं चढवायचं, अशी ठाण्याची रीतच पडून गेली होती.

उस्तादांना खरं तर तिथं यायचं काही कारण नव्हतं. तरी ते आले आणि चैतूच्या बाजूला उभे राहिले.

खटाक. खटाक. खटाक. आवाज एकेक माणूस ओलांडत पुढं येत होता. चैतूच्या तळहाताला घाम सुटला होता.

त्याची पाळी आली. त्यानं हँडल मागं ओढलं.

हात तिथंच राहिला.

स्प्रिंग बोटांना पुढं ओढत होती आणि बोटं सोडत नव्हती. अलगद नेलं तर अडकणार, हे आता त्याला ठाऊक होतं. सोडलं तर नाला. उस्तादांनी या वेळी हात पुढं केला नाही.

पुढं उभा असलेला सोमा मडावी आवाजाची वाट पाहत होता. आवाज येईना. सोमाचे खांदे आखडले. त्यानं मान वळवून मागं पाहिलं.

चैतूनं त्याचा चेहरा पाहिला. सोमा भ्याला होता, त्याच्याइतकाच.

...

चैतूनं हँडल सोडलं.

खटाक.

पोत्यांपलीकडच्या सागावरून दोन कावळे उडाले. टेकडीनं तो आवाज घेतला आणि परत पाठवला. चैतू श्वास धरून उभा होता. गोळ्या आल्या नाहीत. बोल्ट पुरता पुढं जाऊन बसला होता.

सोमानं मान पुन्हा समोर वळवली. त्याचे खांदे खाली आले. त्यानं आपली रायफल पोत्यांकडं धरली, काडतूस चढवलं, सेफ्टी लावली आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं.

चैतूला अजून हलता येईना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "लय दूर गेला असन आवाज."

उस्ताद सोमाच्या पाठमोऱ्या खांद्यांकडं पाहत होते.

"गेला असन बापा... पन पहिले सोमाजवळ गेला."