शंखाची वाट

धनी गेला, तरी तुम्ही अजून त्याचीच वाट पाहता. हे कुणाला म्हटलं ते विचारू नका. ज्याला लागेल त्याचं.

फार मागे, समुद्रात एक लहानसं बेट होतं आणि त्याच्यावर पैलतीरच्या राजाचा अंमल होता. राजाचा सुभेदार पहाटे बुरुजावरून शंख फुंकी, आणि तो थांबला की मगच कोळ्यांनी होड्या लोटायच्या. आधी लोटणाऱ्याची होडी जाळली जाई.

धाकू नावाच्या पुढाऱ्याने उमेदीची सारी वर्षं तुरुंगात घालवून बेटाचा कारभार बेटाच्या हाती आणला. सुभेदार शंख घेऊन निघून गेला.

दुसऱ्या पहाटे शंख वाजला.

धाकू बुरुजावर धावला. शंख ठेवायचा कोनाडा रिकामा होता. तरी आवाज रोज येई, आणि रोज लांबत जाई. तो थांबायची वाट पाहता पाहता ओहोटी लागे, होड्या चिखलात रुतत, चुली थंड राहत.

एके पहाटे धाकू किनाऱ्यावर लोकांत जाऊन उभा राहिला. आवाज सुरू झाला. सगळ्यांचे ओठ मिटलेले होते, पण गळ्याच्या शिरा थरथरत होत्या.

"गोमीआये, हा आवाज तुझ्या गळ्यातनं येतोय."

"माझ्या? मी तोंड तरी उघडलंय का?" म्हातारी म्हणाली.

"नाना, वाद पुरे," एक जण धाकूला म्हणाला आणि त्याने नवा शंख पुढे केला. "तुम्ही फुंका, म्हणजे भूत थांबेल. नाहीतर आम्ही राजाला परत बोलावतो. पोरं उपाशी आहेत."

धाकूने शंख ओठांशी नेला. तो ऊबदार होता, जणू नुकताच कुणी फुंकून ठेवलेला. त्याने शंख पाण्यात भिरकावला आणि आपली होडी धरली.

पण पाय हलेनात. आता तोच आवाज त्याच्या स्वतःच्या गळ्यातून निघत होता.

धाकूने जीभ चावली. तोंडात रक्ताची चव आली. बाकीच्यांचा आवाज चालू असतानाच त्याने होडी लोटली.

ती कुणी जाळली नाही. मागे एकेक गळा गप्प होत गेला. भरतीच्या पाण्यावर दुसरी होडी उतरली, मग तिसरी. राजाला बोलावणं गेलंच नाही.

गोमी आपली होडी ढकलता ढकलता शेजारणीला म्हणाली, "धनी गेल्यानं गुलामी जात नाही बाय, त्याची वाट बघणं सोडलं की जाते."