सभापतींची फुकट जाहिरात

बोरपाड्याचा रेडिओ शुभेच्छांवर जगत होता. वाढदिवस असो, बारसं असो की नवं दुकान, पैसे भरले की नाव वाजायचं आणि त्यातूनच विजेचं बिल निघायचं. निधनाची बातमी मात्र रेडिओ चालवणाऱ्या रखमाबाई डोंगरदिवे फुकट सांगत. दुःखाच्या घरी पावती काय फाडायची?

स्वतःच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सभापती झुंजारराव रेडिओच्या खोलीत आले. चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स झळकत होते. त्यातल्या एकाच्या पैशात रेडिओ महिनाभर चालला असता.

"उद्या दिवसभर माझ्या शुभेच्छा वाजवा. आणि फुकट! ही खोली पंचायत समितीची आहे, विसरू नका."

"फुकट ना? आत्ताच सांगते की, साहेब," म्हणत बाईंनी माइक चालू केला. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपले लाडके सभापती झुंजारराव..."

"अहो, थांबा! मी जिवंत आहे!" सभापती माइकवरच ओरडले. सगळ्या गावाने ऐकलं.

बाईंनी शांतपणे माइक बंद केला. "मग पैसे पडतील, साहेब."

सभापतींनी पाकीट काढलं. "पण बाई," ते घाम पुसत म्हणाले, "उद्या आधी शुभेच्छा म्हणा, आणि मगच माझं नाव घ्या."