मागचा दिवा

मोटरसायकलचे दिवे एकमेकांशी बोलायचे, त्या काळची गोष्ट. दसऱ्याला रंगनाथनं पुढच्या दिव्यावर झेंडूचा हार चढवला. मागच्या लाल दिव्याकडे कुणी पाहिलंही नाही.

दिवाळीला गावी निघताना रंगनाथच्या बायकोनं, कुसुमनं, फराळाचा डबा गोधडीत गुंडाळून मागे बांधला. गोधडीचं टोक लाल दिव्यावर लोंबू लागलं. घाटात अंधारून आलं, मागेपुढे गाड्यांची रीघ लागली.

"अरे, मी कुणाला दिसत नाहीये," मागचा दिवा कासावीस होऊन म्हणाला.

"पेटलायस ना? मग झालं. रस्ता मी दाखवतोय," पुढचा म्हणाला.

इतक्यात पुढची बस थांबली. रंगनाथनं ब्रेक दाबला आणि मागे ट्रकचे ब्रेक करकरले. ट्रक वीतभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून धावत पुढे आला.

"दादा, ब्रेक मारलात ते कळलंच नाही. मागचा दिवा लागत नाही का?"

"लागतो की," रंगनाथ म्हणाला आणि मागे वळून बघतच राहिला. मागे बसलेल्या कुसुमनं खाली उतरून गोधडी सोडली आणि आवळून बांधली.

पुढच्या दसऱ्याला रंगनाथनं हार हँडलला अडकवला. कुसुम मात्र आधी गाडीच्या मागे गेली, खाली बसली आणि पदरानं लाल काच पुसत राहिली.