कुंडावरची पिसे

त्या रानात आजार सर्वांना होत आणि औषध एकाच ठिकाणी मिळे. रानाच्या मध्यावर गरम पाण्याचे एक कुंड होते. त्याच्या काठचा काळा चिखल मोडक्या हाडावर बसवला की हाड जुळे. त्याच्या वाफेत बसले की छातीतला कफ सुटे. कुंडापाशी कोणी कोणाला खायचे नाही, असा जुना दंडक होता. लांडगा आणि भेकर तिथे शेजारी बसून कण्हत. दर उन्हाळ्यात सर्वांनी येऊन गाळ उपसायचा आणि तोंडभर पाला आणून टाकायचा, एवढेच त्याचे देणे.

कुंड साळू ही साळिंदर सांभाळी. रुतलेले काटे उकरून काढायला लागणारी हत्यारे तिच्या पाठीवरच होती. मदतीला दोन ससे होते. एक म्हातारा होऊन गेला, तेव्हा सभा म्हणाली, नवा नेमू. दुसऱ्याचे पाय वाफेने सुजले आणि तो बिळातच बसला, तेव्हाही सभा म्हणाली, नेमू.

सभेत सांबरांचे चाले. त्यांना डोंगरापलीकडे एक निवांत तळे सापडले होते, म्हणून ती कुंडावर येईनाशी झाली; आणि येत नव्हती म्हणून गाळ उपसायलाही येईनाशी झाली. त्यांचे पाहून बाकीचेही अंग चोरू लागले. गाळ चढत गेला, पाणी कोमट झाले, आणि दुखणेकऱ्यांची रांग पार करवंदीच्या जाळीपर्यंत जाऊ लागली.

त्या रांगेत एका लावरीचे थोरले पिल्लू गेले. त्याला धाप लागली होती. लावरी हा जमिनीवर राहणारा भिडस्त पक्षी. पुढे रानडुकरे आणि गवे उभे असताना आपण मध्ये घुसणे तिला बरे वाटले नाही. ती आपल्या पाळीची वाट पाहत राहिली. पाळी आली तेव्हा पंखाखालची धडपड थांबलेली होती. साळूने पिल्लाला हुंगले आणि मान खाली घातली.

"मी एकटी पडते गं," ती म्हणाली.

लावरी पिल्लाला तसेच पंखाखाली घेऊन परत गेली.

पुढच्या सुगीत मुंगसे आली. मुंगूस दिसणे शुभ मानतात, आणि ही तर तुळतुळीत अंगाची, गोड बोलणारी होती. ती सभेला म्हणाली, "कुंड रानाचंच राहील. आम्ही नुसतं चालवू."

साळू उभी राहिली. "पाण्याचा गुण गेलेला नाही," ती म्हणाली. "पूर्वीसारखे सगळे गाळ उपसायला या. दोघं मदतीला द्या. मग बघा."

"साळूबाई, तुमच्या कष्टांबद्दल आम्हांला आदरच आहे," थोरले सांबर म्हणाले. "पण आदरानं गाळ निघत नाही."

सभा हसली. तेवढ्यात मागून लावरी पुढे आली. ती सभेत कधीच बोलली नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"माझं पिल्लू रांगेत गेलं," ती म्हणाली. "साळूमावशींना मी बोल लावत नाही. पण ती रांग मला पुन्हा बघायची नाही. ज्याला चालवता येईल त्याला द्या."

सांबरांनी गंभीरपणे माना डोलावल्या. साळूला उत्तर देता आले असते, पण त्या आईसमोर तिची जीभ उचलली नाही. कुंड मुंगसांकडे गेले.

मुंगसांनी शब्द पाळला. गाळ निघाला. काठाला दगड बसले, वर नेच्याची सावली आली. नियमही साधा होता, आणि सर्वांना एकच होता: आत येणाऱ्याने आपल्या अंगावरचे काहीतरी द्यायचे. सांबरे पुन्हा येऊ लागली; त्यांनी शिंगे दिली. ती दर वर्षी गळतच असत आणि पुन्हा उगवत. अस्वलाने केस दिले. ज्यांच्या अंगावर देण्याजोगे काही नव्हते, ते आपापल्या बिळांत पडून राहिले. रांग उरली नाही. आमच्या हाती आल्यापासून कुंडावर एकही जीव दगावलेला नाही, असे मुंगसांनी सभेला सांगितले, आणि ते खरे होते.

थंडीच्या तोंडाशी लावरीच्या ठिपक्याचा पाय गव्याच्या खुराखाली आला. ठिपक्या तिचे नंतरचे, आता एकुलते उरलेले पिल्लू. ती त्याला घेऊन कुंडावर धावली. पुढे कोणी नव्हते. मुंगसांनी त्याला अलगद उचलले, चिखलाचा लेप दिला, दोन काड्यांमध्ये पाय बांधला, आणि ठिपक्याचे रडणे थांबले. कृतज्ञतेने लावरीचे डोळे भरून आले. मागितली तेवढी पोटाची पिसे तिने स्वतःच्या चोचीने उपटून दिली.

लेप पुन्हा पुन्हा बदलावा लागणार होता. दुसऱ्या खेपेला छातीची पिसे गेली. त्यानंतर ती चाचरत म्हणाली, "उरलेली जरा उशिरा दिली तर चालेल का? थंडी सरली की नवी येतील."

"ताई, हाड थंडी सरायची वाट बघत नाही," मुंगूस म्हणाले. ते मायेनेच म्हणाले.

परतताना वाटेत साळू भेटली. लावरीचे उघडे, लालसर अंग पाहून ती वाट अडवून उभी राहिली.

"आता बस कर, पोरी. जरा लंगडला म्हणून काय झालं? लंगडे लावेही जगतात."

"मागच्या खेपेला मी थांबले होते, मावशी," लावरी म्हणाली.

साळू बाजूला झाली. लावरी पुन्हा गेली, आणि या वेळी पंखांखालची मऊ पिसेही देऊन आली.

पाय जुळला. काड्या सुटल्या त्या दिवशी ठिपक्या गवतातून असा धावला की बाकीचे लावे बघत राहिले. लावरी त्याच्यामागे धावली, धापा टाकत, हसत. कुंडाकडे तोंड करून तिने मुंगसांना दुवा दिला.

त्या आठवड्यातच दव गोठून दहिवर पडले. असे कडक दहिवर जुन्या जाणत्यांनाही आठवत नव्हते. गवताची पाती काचेसारखी मोडत होती. सकाळी साळू लावरीच्या घरट्याकडे आली. लावरी आपले उघडे पंख जितके पसरतील तितके पसरून बसली होती. तिच्या कातडीवर दवाचे खडे झाले होते.

"लावरे, ऊठ. उन्हात ये," साळू म्हणाली.

"हळू बोला, मावशी," लावरी कुजबुजली. "रात्रभर कुडकुडत होता. आत्ताच डोळा लागलाय."

साळू खाली वाकली. पंखाखालून ठिपक्याचा पाय बाहेर आला होता. तिने तो हलकेच हातात घेतला आणि सवयीने हाडावरून बोट फिरवले. पाय थंडगार होता, आणि अगदी सरळ जुळला होता.